‘एमेट ऑटर’ आज मुलांना दाखवावा का? एका बाहुलीकाराचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही टोरोंटोजवळ मिसिसागाला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. नाताळच्या सुट्टीत दाखवायला शेजारच्या आजींनी १९७७ मधला बाहुल्यांचा ‘एमेट ऑटर्स जग-बँड ख्रिसमस’ (यातलं ‘जग’ म्हणजे बुधला) हा टीव्हीवरचा कार्यक्रम सुचवला. मी आधी एकटीनं पहिली दहा मिनिटं पाहिली, फार संथ वाटला. आजची मुलं बसतील का? आणि शेवटी चांगली मंडळी हरतात म्हणे, मग मुलांना काय सांगायचं? शिवाय याच्या दोन आवृत्त्या आहेत असं कळलं, एकीत केरमिट बेडूक आहे, दुसरीत नाही. कुठली घ्यावी? तुम्ही बाहुल्यांचं काम करता म्हणून विचारते.”

ताई, दाखवा. दोघांनाही दाखवा आणि तुम्हीही सोबत बसा. मी अठ्ठावीस वर्षं बाहुल्या बनवतोय आणि नाचवतोय. हा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तो एका ज्येष्ठ बाहुलीकारांनी अमेरिकेहून आणलेल्या, घासून गेलेल्या व्हीएचएस कॅसेटवर. चित्रावर सारखे पट्टे येत होते. तुमचा प्रश्न आल्यावर परवा पुन्हा सगळा पाहिला, काही जागा थांबवून थांबवून पाहिल्या. तेव्हा जे जाणवलं होतं त्यापेक्षा आता जास्त जाणवलं.

आधी त्या संथ दहा मिनिटांबद्दल. तिथे काय दिसतं ते पुन्हा आठवून बघा. एक पाणमांजर आई आणि तिचा मुलगा एमेट नावेत बसून नदीतून चाललेत. वल्हं पाण्यात बुडतं, वर येतं, पाणी हलतं, नाव थोडी डुलते. लोकांचं धुतलेलं धुणं घरोघर पोचवायचं काम चाललंय. यात ‘घडत’ काही नाही हे खरं, पण माझ्यासारख्याचा श्वास तिथेच अडकतो. हातात घालून चालवायच्या बाहुलीला कमरेखाली काही नसतं. तिच्या खाली माणूस असतो, डोक्यावर हात ताणून उभा. मग ती नावेत बसली, नाव पाण्यावर, तर माणूस कुठे गेला?

केरमिट बेडूक आणि इतर ‘मपेट’ बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांनी हा कार्यक्रम केला. त्यांच्या चमूनं स्टुडिओत खरं पाणी भरून नदी केली होती. आणि वल्हं मारणाऱ्या एमेटसाठी फाझ फाझाकस या त्यांच्या तंत्रज्ञानं बाहुलीच्या पोटात मोटरी बसवून ती रेडिओलहरींनी दुरून चालवली. लांबून दिसते ती ही बाहुली. कॅमेरा जवळ आला की तिच्या जागी हातावरची बाहुली येते, कारण तोंडाची बारीक हालचाल हातालाच जमते. जिथे पूर्ण अंग दिसायला हवं तिथे आणखी तिसरीच. एकच एमेट, पण बाहुल्या अनेक, आणि जोड कुठे दिसत नाही. पुढे १९८३ ला हेन्सन यांच्याच ‘फ्रॅगल रॉक’ या बाहुल्यांच्या मालिकेत ‘डूझर’ नावाचे ते चिमुकले जीव बांधकाम करत फिरताना दिसतात ना, त्यांची वाट या नावेतून गेली आहे. ‘फ्रॅगल रॉक’ही तुमच्या टोरोंटोतच चित्रित झालं, आणि ‘एमेट ऑटर’चं चित्रीकरणही तिथलंच. ४ डिसेंबर १९७७ ला तो पहिल्यांदा दिसला तो कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवर. अमेरिकेत एचबीओवर यायला १९७८ चा डिसेंबर उजाडला. शेजारच्या आजींना तो आठवतो यात नवल नाही, त्यांच्याकडे तो अमेरिकेच्या आधी आला होता.

मुलांना हे आधी सांगू नका. पाण्यावरच्या नावेकडे पाच वर्षांचा मुलगा कसा बघतो ते फक्त बघा. तुम्हाला ती जागा संथ वाटली कारण आपण गोष्टीची वाट बघत असतो. लहान मूल वस्तू बघत असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या एका खेळात आजी विहिरीतून पाणी काढते. बरीच वर्षं आम्ही ते पाणी म्हणून निळं कापड वापरत होतो, दोन बाजूंनी दोघांनी धरून हलवायचं. मुलं हसायची, टाळ्या वाजवायची. एकदा हट्टानं पत्र्याची एवढीशी बादली केली, त्यात खरंच पेलाभर पाणी ठेवलं, आणि आजीनं ती बादली रंगमंचावरच्या घंगाळात ओतली. पाण्याचा आवाज झाला. तीनशे मुलांचं सभागृह गप्प. मागच्या रांगेतली मुलं उठून उभी राहिली. त्या दिवशी बाहुलीचा हात कोपरापर्यंत भिजला, आतला फोम जड झाला, चिकटवलेलं कापड सुटलं, आणि रात्री दोन वाजेपर्यंत मी ते हेअर ड्रायरनं वाळवत बसलो होतो. पण निळं कापड त्यानंतर पुन्हा काढलं नाही. बाहुली खोटी आहे हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. ती ज्या वस्तूला हात लावते ती खरी असली, तिला वजन असलं, की बाहुलीही खरी होते.

‘एमेट ऑटर’ची सगळी ताकद मला इथेच दिसते, आणि त्याची गोष्टही नेमकी वस्तूंचीच आहे. रसेल होबन यांनी लिहिलेलं आणि लिलियन होबन यांनी चितारलेलं मुलांचं पुस्तक १९७१ चं. त्यावरून जेरी जूल यांनी पटकथा केली. वडील वारलेत. आई लोकांचं धुणं धुते, तिचं हत्यार म्हणजे पत्र्याचा टब. एमेट वडिलांच्या अवजारांची पेटी घेऊन गावात किरकोळ दुरुस्तीची कामं करतो. या दोन वस्तूंवर घर चालतं. नाताळ तोंडावर आलाय. आईला वाटतं, पोराला ती शिंपल्याचं नक्षीकाम असलेली गिटार घ्यावी. पोराला वाटतं, आईसाठी पियानोचा पहिला हप्ता तरी भरावा. गावात गाण्याची स्पर्धा लागते, बक्षीस पन्नास डॉलर. दोघं एकमेकांना न सांगता भाग घ्यायचं ठरवतात.

मग आई पोशाखाच्या कापडासाठी अवजारांची पेटी गहाण टाकते. आणि मुलगा टबाला भोक पाडतो, कारण त्याच्या बँडला टबाचं वाद्य हवंय.

एकमेकांसाठी एकमेकांच्याच गरजेची वस्तू मोडण्याची ही चौकट ओ. हेन्रीच्या १९०५ मधल्या गोष्टीतून आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथे नवरा-बायकोत पणाला लागतात ते तिचे केस आणि त्याचं घड्याळ, प्रिय पण चैनीच्या वस्तू. इथे मोडतं ते पोट भरायचं साधन. भोक पडलेल्या टबात उद्या धुणं भिजणार नाही. म्हणजे उद्या पैसे नाहीत. माझ्या मते ही फार मोठी उडी आहे आणि मुलांच्या कार्यक्रमात ती घ्यायला छाती लागते. शिवाय आधी मायलेकांच्या तोंडी ‘टबाला भोक नाही’ अशा अर्थाचं एक गाणं येऊन गेलेलं असतं, अगदी हसतखेळत. त्यामुळे एमेट टबाशी येऊन थांबतो तेव्हा गाणं ऐकलेल्या प्रत्येक मुलाला कळतं की हा काय करायला निघालाय. तुमच्या मुलीला तरी नक्की कळेल. तिथे तिच्याकडे बघा, पण काही बोलू नका.

आता हातांकडे येतो. या बाहुल्या चालवणाऱ्याचा उजवा हात सहसा डोक्यात असतो, अंगठा म्हणजे खालचा जबडा. डाव्या हातानं बाहुलीच्या हाताला लावलेली बारीक सळी हलवायची. सेट माणसाच्या उंचीवर उचललेला, आणि कलाकार खाली उभा राहून समोरच्या छोट्या पडद्यावर स्वतःची बाहुली बघतोय. तो पडदा आरशासारखा उलटा दाखवत नाही. हात उजवीकडे न्यावा तर बाहुली आपल्या डोळ्यांना डावीकडे जाताना दिसते. नव्या पोरांना हे शिकवताना मी पहिला महिना फक्त बाहुलीला सरळ समोर बघायला लावतो. नजर जरा चुकली की जीव जातो. आणि खांदा! पाच मिनिटांनी हात भरून येतो, दहा मिनिटांनी बोटांत मुंग्या येतात. त्या अवस्थेत बाहुलीनं हळूच मान वळवून आईकडे बघायचं असतं.

एमेट केला जेरी नेल्सन यांनी. आवाज, गाणं, हात, सगळं त्यांचं. आईचा हात फ्रँक ऑझ यांचा आणि आवाज मेरिलिन सोकॉल यांचा. आपल्याकडे बोलक्या बाहुल्या म्हटलं की अर्धवटराव आठवतात, पाध्ये कुटुंबाची ती परंपरा. तिथे शब्दभ्रमकार स्वतः समोर बसलेला असतो आणि त्याच्या नि बाहुलीच्या भांडणातच मजा असते. इथे माणूस पूर्ण पुसून टाकायचा असतो. आईच्या बाबतीत तर एकीचा आवाज आणि दुसऱ्याचा हात मिळून तिसराच जीव उभा राहतो. आई बोलायची थांबते तेव्हा तिचं डोकं किंचित खाली जातं. गरिबीला लाज म्हणून नव्हे तर दमणूक म्हणून दाखवायचं, हे फ्रँक ऑझ यांनी फक्त मनगटातून केलंय. ती जागा मी परवा चार वेळा मागे नेऊन पाहिली.

वजनाचा एक किस्सा सांगतो, कारण तो चित्रफितीवर आहे आणि तुम्हालाही बघायला मिळेल. गावात ‘रिव्हरबॉटम नाइटमेअर बँड’ नावाची दांडग्यांची टोळी आहे. ती वाद्यांच्या दुकानात धिंगाणा घालते. दाराबाहेर एमेट आणि आई उभे असताना आतून एक ढोल गडगडत बाहेर येतो आणि आडवा पडतो, एवढंच हवं होतं. ढोल काही ऐकेना. कधी फार लांब जातो, कधी दारातच बसतो, कधी भलतीकडे वळतो. पुन्हा पुन्हा तोच प्रसंग, आणि दर वेळी खाली हात ताणून उभे असलेले दोघे कलाकार बाहुल्या खाली घेत नाहीत. एमेट आणि आईच आपापसात त्या ढोलाबद्दल बोलत राहतात, वैतागतात, एकमेकांची समजूत घालतात. ही फसलेली दृश्यं नंतर लोकांनी मूळ कार्यक्रमाइतकीच जपली. कार्यक्रम संपल्यावर मुलांना ती जरूर दाखवा. खरा ढोल दोरीनं ओढून नेमका पाडता आला असता. त्यांनी तो गडगडू दिला आणि वाट बघितली. पडद्यावर तो ढोल दोन-तीन सेकंदच दिसतो.

गाणी पॉल विल्यम्स यांची. दोन वर्षांनी ‘द मपेट मूव्ही’ची गाणीही त्यांनीच केली, पण मला ही जास्त जवळची वाटतात. आणि तुमचा हरण्याचा प्रश्न या गाण्यांतच सुटतो.

एमेटच्या बँडनं जे गाणं बसवलेलं असतं तेच स्पर्धेत दुसरा कुणीतरी आधी गाऊन जातो. ऐन वेळी त्यांना नवं गाणं घ्यावं लागतं. ते छान गातात. आईही एकटी छान गाते. आणि मग ती दांडगी टोळी येते, दिवे, आरडाओरडा, विजेची वाद्यं, आणि बक्षीस घेऊन जाते. परीक्षकांनी लबाडी केलेली नाही. टोळीचं गाणंही वाईट नाही, उलट ते दणकेबाज आहे, मुलं त्यावर उड्या मारतात. मला यातला प्रामाणिकपणा फार आवडतो. सज्जन हरले ते कुणी फसवलं म्हणून नव्हे, त्या रात्री दुसऱ्याचा आवाज मोठा होता म्हणून. आमच्या शाळांतल्या स्नेहसंमेलनांत हे दरवर्षी घडतं आणि त्या मुलांना कुणीच काही समजावत नाही.

मग मायलेक आणि दोस्तमंडळी अंधारात नदीकाठानं घरी निघालेत. पैसे गेले, टब गेला, पेटी गेली. आणि एकेकट्यानं गायलेली दोन गाणी कुणीतरी सहज एकत्र गुणगुणायला लागतं. तेव्हा कळतं की ती दोन्ही गाणी पहिल्यापासून एकमेकांत बसतील अशीच रचलेली होती. एकाच्या रिकाम्या जागेत दुसऱ्याचे सूर येतात. स्पर्धेत ऐकताना दोन्ही जरा अपुरी वाटली होती ना, ती मुद्दाम अपुरी ठेवलेली. हे शब्दांत सांगून कळत नाही, कान लावूनच कळतं. हॉटेलवाला बेडूक, डॉक बुलफ्रॉग, ते ऐकतो आणि सगळ्यांना गाण्याचं काम देतो, पगार आणि जेवणासकट. बक्षीस मिळालं नाही, काम मिळालं.

तेव्हा मुलगी चिडली तर चिडू द्या. “ते वाईट लोक का जिंकले?” याला मी माझ्याकडच्या मुलांना एवढंच विचारतो की तुला कुणाचं गाणं आत्ता आठवतंय ते म्हणून दाखव. कधी कधी मुलं टोळीचंच म्हणतात! तेही ठीक आहे, म्हणू द्यावं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितलेली बरी. या कार्यक्रमात वडिलांचं नसणं लपवलेलं नाही. नदी समुद्राला मिळते तेव्हा, अशा आशयाचं एक गाणं आहे, ते वडिलांच्या आठवणीशी बांधलेलं आहे. मृत्यू हा शब्द न वापरता मृत्यूबद्दल इतकं शांत काही मी मुलांच्या कार्यक्रमात क्वचित ऐकलंय. घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर तुम्ही आधी एकटीनं ते गाणं ऐकून ठेवा. १९७९ मध्ये गायक जॉन डेन्व्हर यांनी मपेट्सबरोबर केलेल्या नाताळच्या कार्यक्रमात ते पुन्हा आलं, आणि जिम हेन्सन १९९० च्या मे महिन्यात अचानक गेले तेव्हा त्यांच्या स्मरणसभेतही गायलं गेलं. मला ते आता एमेटच्या वडिलांचं म्हणून ऐकताच येत नाही.

कंटाळा कुठे येऊ शकतो तेही सांगतो. स्पर्धेतले मधले काही स्पर्धक लांबतात. चित्र जुनं आहे, कडा मऊ दिसतात, रंग तपकिरीकडे झुकलेले. पण सगळा कार्यक्रम एका तासाच्या आत संपतो. पाच वर्षांच्या मुलाला त्या टोळीची थोडी भीती वाटली तर दिवा लावून बसा, बस्स.

केरमिटचं म्हणाल तर तो मुळात सूत्रधार होता, गोष्ट उघडून देणारा. २००४ मध्ये मपेट्स डिस्नेकडे गेले, ‘एमेट ऑटर’ मात्र हेन्सन कंपनीकडेच राहिला. त्यामुळे नंतर निघालेल्या काही आवृत्त्यांत केरमिटचा भाग कापलेला आहे. केरमिट असलेली मिळाली तर तीच घ्या. सूत्रधार आला की मुलाला कळतं की आता गोष्ट सुरू होतेय, आणि तुम्हाला जाणवलेला संथपणाही त्यामुळे बराच कमी होतो. नाही मिळाली तर अडू नका, दोन वाक्यांत तुम्हीच सूत्रधार व्हा.

आणि दुसऱ्या दिवशी ते वाद्य घरी करून बघा. जग-बँड ही मूळची आफ्रिकी-अमेरिकी वादकांची कला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये रुजलेली, पुढे मेम्फिसमध्ये बहरलेली. विकत वाद्य घ्यायला पैसे नाहीत म्हणून मातीचा मोठा बुधला तोंडाशी धरून ओठांनी घुमवायचा, कपडे घासायची फळी खरडायची, सिगारच्या खोक्याचा बँजो करायचा. एमेटच्या बँडमध्येही बुधला आहे, खोक्याचा बँजो आहे. टबाचं वाद्य म्हणजे टब उपडा ठेवायचा, बुडाला मध्यभागी भोक, त्यातून दोरी, दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला वरच्या बाजूला. दांड्याचं खालचं टोक टबाच्या कडेवर टेकवून दांडा मागे ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडली की उतरतो.

आपल्याकडचं चौंडकं मुलांनी कधी ऐकलंय का? देवीच्या आराध्यांकडे असतं ते. लाकडी नळकांडं, बुडाला चामडं, त्यातून निघालेली तार एका हातानं ताणायची आणि दुसऱ्यानं छेडायची, ताण बदलून सूर बदलायचा. तत्त्व अगदी तेच. मी कार्यशाळेत टबाचं वाद्य आणि चौंडकं शेजारी शेजारी ठेवतो, आणि नावं न सांगता मुलांनाच दोन्ही वाजवू देतो.

टब प्लास्टिकचा घेऊ नका, तो घुमत नाही, फक्त थपथप करतो. पत्र्याचाच शोधा, जुन्या सामानाच्या दुकानात मिळेल. दोरी सुतळीपेक्षा कपडे वाळत घालायची पिळाची चांगली. भोकाच्या कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर दोरी दुसऱ्याच दिवशी तुटते, आणि भोकाच्या आतून दोरीला मोठा वॉशर बांधा. मुलीला दांडा धरू द्या. धाकट्याला टबाच्या एका कडेवर पाय ठेवून उभं करा आणि समोरची कड विटेचा तुकडा सारून जराशी उचलून ठेवा, म्हणजे आवाजाला बाहेर पडायला वाट मिळते.